पिंपळी, पिंपरी आणि पेटंट

"गाव कुठलं?" या प्रश्नाला मी "पिंपळी" असं उत्तर दिलं की समोरचा हमखास म्हणतो, "अच्छा, पिंपरी-चिंचवड!" ऑफिसात सहा वर्षं झाली, तरी निम्म्या टीमला मी अजून पिंपरीचाच वाटतो. मग सांगावं लागतं की पिंपरी नव्हे हो, पिंपळी. बारामतीच्या शेजारची, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातली, ऊसवाली. गावाचं नाव पिंपळाच्या झाडावरून पडलं की आजीच्या बटव्यातल्या पिंपळीवरून, यावर पारावर वाद घालता येतो आणि तो कधीच संपत नाही.

पण आज लिहायचंय ते गावाबद्दल नाही. म्हणजे आहे, पण फिरून फिरून. पिंपळी हे एक औषध आहे, पिंपरीला एक औषधाचा कारखाना निघाला, आणि आमच्या घरात एक माणूस गेली काही वर्षं एका गोळीवर जगतोय. या तिन्ही गोष्टी एका कायद्याला येऊन मिळतात हे मला अगदी अलीकडे कळलं. गेले तीन-चार शनिवार-रविवार त्याच वाचनात गेले. (बायको म्हणते, याऐवजी माळा आवरला असतास तर बरं झालं असतं.)

तर, गोळीपासून सुरुवात करतो.

२०१६ साली तात्यांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, थकवा यायला लागला. वजन उतरलं, पोटात डावीकडे जड वाटायला लागलं. बारामतीतून पुण्याला पाठवलं, तपासण्या झाल्या आणि निदान आलं सीएमएल. रक्ताचा कॅन्सर. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरात एकट्या माझ्याकडे धड इंटरनेट, त्यामुळे "बघ रे काय असतं ते" ही कामगिरी माझ्यावर. मी बघितलं. या आजारावर इमॅटिनिब नावाची गोळी असते, रोज घ्यायची, बहुधा जन्मभर. आणि मूळ कंपनीची किंमत? महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास. मी ते जसंच्या तसं घरी वाचून दाखवलं.

त्यानंतरचे चार दिवस मी विसरणार नाही. वडील आणि धाकटे काका ओसरीवर बसून कालव्याखालच्या दोन एकरांचा हिशोब करत होते. दोन एकर म्हणजे गोळ्यांचे किती महिने. तात्या आतून ऐकत होते. शेवटी बाहेर येऊन म्हणाले, "आरं, माझ्यापायी रान विकू नका. पोरांनी काय खायाचं?" चौथ्या दिवशी पुण्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चिठ्ठी लिहिली, वडिलांनी धीर करून किंमत विचारली, आणि डॉक्टर अगदी सहज म्हणाले, "भारतीय कंपनीची गोळी आहे, महिन्याला काही हजार लागतील. पुढे आणखी उतरेल." वडिलांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी परत विचारलं.

तेव्हा आम्ही देवाचे आभार मानले. आभार आणखी कुणाकुणाचे मानायला हवे होते, ते आत्ता कळतंय.

आता थोडा इतिहास. भारतात पेटंटचा पहिला कायदा १८५६ चा, कंपनी सरकारचा. कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या गृहस्थाने पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी अर्ज केला होता. साहेबाला उकडत होतं, यावरून कायदा कुणासाठी होता ते कळतं. मग आला १९११ चा कायदा, आणि स्वातंत्र्यानंतरही वीस-पंचवीस वर्षं तोच चालू राहिला. त्यात औषधाला वेगळी वागणूक नव्हती. पेटंटची मुदत १६ वर्षं. परिणाम असा, की औषध इथे बनत नाही, दुसऱ्याला बनवू देत नाहीत, आणि बाहेरून येतं ते महाग. १९५९ ते ६१ च्या सुमारास अमेरिकेच्या सिनेटमध्ये केफॉवर नावाच्या सिनेटरने औषधांच्या किमतींवर सुनावण्या घेतल्या. त्यांच्या समितीने नोंदवून ठेवलंय की औषधांच्या बाबतीत भारत हा जगातल्या सर्वात महागड्या देशांपैकी आहे. आपल्यासारखा गरीब देश आणि औषधं मात्र महागड्या रांगेत!

याच काळात पिंपरीचा कारखाना उभा राहिला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती, पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने गेलात तर एच.ए. कॉलनीचा थांबा आजही लागतो. बसचा कंडक्टर "एचे" असं ओरडतो आणि उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं की स्वतंत्र भारतातला सरकारी औषध कारखान्यांचा हा श्रीगणेशा. इथेच पुढे हॅमायसिन नावाचं बुरशीवरचं औषध शोधलं गेलं. म्हणजे नुसतं परदेशी तंत्र आणून बाटल्या भरणं चाललेलं नव्हतं.

सरकारी कारखान्याने पेनिसिलिन स्वस्त झालं, पण कायदा होता तिथेच होता. आणि त्याचा चटका मुंबईत बसला.

परळच्या हाफकिन संस्थेचं नाव तुम्ही पोलिओच्या डोसाच्या निमित्ताने ऐकलं असेल. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिनने १८९७ साली लस बनवून आधी स्वतःलाच टोचून घेतली, तीच ही परंपरा. या संस्थेचे १९३२ पासून संचालक होते साहिब सिंग सोखी. औषधं देशातच आणि स्वस्त बनली पाहिजेत म्हणून हा माणूस आयुष्यभर भांडला. १९५० च्या दशकात मधुमेहावर टोल्ब्युटामाइड ही गोळी आली. पेटंट जर्मनीच्या होक्स्ट कंपनीचं. हाफकिनच्या शास्त्रज्ञांनी ती बनवायची आपली वेगळी पद्धत काढली आणि मुंबईच्याच युनिकेम लॅबोरेटरीजने त्या पद्धतीने गोळी बनवायला घेतली. होक्स्ट मुंबई उच्च न्यायालयात गेली. खटल्यात रसायनशास्त्राचा कीस पडला. गंधकाचा अणू कुठल्या पायरीला आणि कशाने काढला, यावर वकील झगडत होते. निकाल १९६९ च्या कायदा-अहवालात छापलेला आहे. होक्स्ट जिंकली.

हा निकाल वाचताना मला कोड रिव्ह्यू आठवला. "आउटपुट तेच येतंय हो, पण आमचा अल्गोरिदम वेगळा आहे" असं एक बाजू म्हणतेय, आणि दुसरी बाजू म्हणतेय, "लूपची दिशा बदलली म्हणजे अल्गोरिदम वेगळा होत नाही." न्यायमूर्तींनी जुन्या कायद्याप्रमाणे निकाल दिला, त्यात त्यांची चूक काढायला मी कोण. पण एका सरकारी संस्थेने देशातल्या मधुमेह्यांसाठी शोधलेली वाट बंद झाली, हे खरंच.

खरी गंमत पुढे आहे. होक्स्ट ज्या जर्मनीतली, त्या जर्मनीने १८७७ च्या आपल्या कायद्यात रसायनं आणि औषधांवर उत्पादनाचं पेटंट ठेवलंच नव्हतं! फक्त बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळायचं. त्यामुळे तिथले रसायनवाले एकमेकांच्या पुढे जायला सतत नवीन पद्धती शोधत राहिले आणि बघता बघता जगातले सगळ्यात मोठे झाले. उत्पादनाचं पेटंट जर्मनीने आणलं १९६८ मध्ये. स्वित्झर्लंडने औषधांवर ते आणलं १९७७ मध्ये, जपानने १९७६ मध्ये, इटलीने १९७८ मध्ये. म्हणजे आधी शिडी चढायची, माडीवर पोचलं की शिडी वर ओढून घ्यायची. आणि खालच्याला म्हणायचं, नियम म्हणजे नियम.

हे सगळं एका माणसाने फार आधी, अगदी थंडपणे कागदावर मांडलं होतं. न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार. त्याआधी बक्षी टेक चंद यांच्या समितीने १९४८ ते ५० मध्ये पाया घातला होता, पण खरा दस्तऐवज म्हणजे अय्यंगारांचा १९५९ चा अहवाल. त्यांनी आकडे काढले: भारतातल्या पेटंटांपैकी ८० ते ९० टक्के परदेशी लोकांच्या नावावर, आणि त्यातली ९० टक्क्यांहून जास्त भारतात वापरलीच जात नव्हती. म्हणजे प्लॉट घेऊन कुंपण घातलंय, घर बांधायचं नाहीये आणि दुसऱ्यालाही बांधू द्यायचं नाहीये. अय्यंगारांनी पेटंट बंद करा असं म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की अन्न आणि औषध या दोन गोष्टींत उत्पादनाचं पेटंट नको, पद्धतीचं द्या. मी तो अहवाल पूर्ण वाचला असं खोटं सांगत नाही, पण जेवढा वाचला तेवढ्यात एकही भावनिक वाक्य सापडलं नाही. असं लिहिता यायला पाहिजे.

अहवाल १९५९ चा, कायदा झाला १९७० ला. मधे १९६५ चं विधेयक बारगळलं, १९६७ चं समितीत फिरत राहिलं. अकरा वर्षं! पण झाला तो कायदा जबरदस्त होता. २० एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. कलम ५ प्रमाणे अन्न आणि औषधांच्या बाबतीत फक्त पद्धतीचं पेटंट. मुदत बाकीच्या वस्तूंना १४ वर्षं. अन्न-औषधाला मात्र पेटंट मंजूर होऊन शिक्का बसल्यापासून ५ वर्षं किंवा पेटंटच्या तारखेपासून ७ वर्षं, यातलं जे कमी असेल ते.

मग काय झालं ते महाराष्ट्रात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ ला मुंबईत काढलेली सिप्ला त्यांच्या मुलाच्या, युसुफ हमीद यांच्या हाताखाली वाढली. आमच्या वाटेवरच्या कुरकुंभ एमआयडीसीतही तिचा कारखाना आहे. लहानपणी पुण्याला जाता-येता त्या नावाची पाटी मी शेकडो वेळा वाचली असेल, पण डोक्यात काही पेटलं नाही. पाषाणच्या एनसीएलने, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, सिप्लाबरोबर व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही कॅन्सरवरची औषधं तयार केली. ती कशापासून येतात माहितेय? सदाफुलीपासून. आपल्या दारातली, शेळीसुद्धा तोंड लावत नाही ती सदाफुली.

आणि २००१ चा फेब्रुवारी. एचआयव्हीच्या तीन औषधांच्या उपचाराला तेव्हा वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर लागत. आफ्रिकेत माणसं मरत होती. सिप्लाने जाहीर केलं, वर्षाला ३५० डॉलरमध्ये देतो. धर्मादाय संस्थांसाठी ती किंमत होती. जगभर खळबळ उडाली. कुणी त्यांना चोर म्हणालं, कुणी देवमाणूस. मला विचाराल तर ते व्यापारीच होते, पण अय्यंगारांच्या कायद्यात वाढलेले व्यापारी होते.

इथवर गोष्ट छान चाललीये. आता डंकेल.

आमच्या वडिलांच्या पिढीला हा शब्द पाठ आहे. १९९१ च्या अखेरीस गॅट करारासाठी आर्थर डंकेलने मसुदा ठेवला आणि गावागावांत वाद पेटले. बियाणं विकत घ्यावं लागेल, कडुनिंबाच्या काडीवर रॉयल्टी द्यावी लागेल, असं काय काय. डावे आणि स्वदेशीवाले विरोधात. आपल्याकडे शेतकरी संघटनेचे शरद जोशी मात्र उघडपणे बाजूने. शेतकऱ्याला बाजार मिळेल हे त्यांचं म्हणणं. वडील सांगतात, एकाच बैठकीत दोन भावांची यावरून हातघाईची वेळ आली होती. शेतमालाच्या बाबतीत कोण बरोबर होतं यावर मी बोलत नाही, ते मला घरी जेवायला मिळण्याच्या दृष्टीने सोयीचं नाही :-) पण औषधाच्या बाबतीत भीती खरी होती. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना आली, आणि दहा वर्षांच्या आत, म्हणजे १ जानेवारी २००५ पर्यंत, औषधावर उत्पादनाचं पेटंट परत देणं भारताला भाग पडलं. तोवर आलेले अर्ज पेटीत टाकून ठेवायचे. त्या व्यवस्थेला खरोखरच 'मेलबॉक्स' म्हणत.

आजीचा बटवा याच सुमारास चव्हाट्यावर आला. १९९५ मध्ये हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं. सीएसआयआरचे प्रमुख तेव्हा रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे, त्याआधी पुण्यात एनसीएलचे संचालक. त्यांनी हे पेटंट आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करायला लावलं. संस्कृत ग्रंथांपासून जुन्या नियतकालिकांपर्यंत पुरावे दिले. कारण पेटंट कचेरीला 'आमची आजी लावायची' हे चालत नाही, छापील कागद लागतो. पुढे २००२ च्या दुरुस्तीत पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाही असं कलमच घातलं गेलं. पिंपळीचंही ऐका. सुंठ, मिरी, पिंपळी मिळून त्रिकटू. पिंपळीतल्या पिपरिनमुळे दुसरं औषध अंगात जास्त मुरतं, हे जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने शोधलं. त्यातून क्षयाची अशी गोळी निघाली जिच्यात रिफॅम्पिसिनचा डोस ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आला. 'आजीला माहीत होतं' आणि 'नवीन शोध' यांच्यामधली रेघ किती बारीक असते बघा.

२००५ ची दुरुस्ती मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने घाईघाईने वटहुकूम काढला. त्यात सॉफ्टवेअरच्या पेटंटलाही दार किलकिलं केलेलं होतं. सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर उभं होतं, त्यांनी अडवलं. मार्च २००५ मध्ये अंतिम कायदा झाला तेव्हा सॉफ्टवेअरची ओळ गायब होती (आपल्या धंद्यातल्या लोकांनी याबद्दल कधी कुणाला चहा पाजल्याचं ऐकिवात नाही) आणि एक कलम पक्कं बसलेलं होतं. कलम ३ चं उपकलम ड. जुन्याच माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप, क्षार, स्फटिक वगैरे काढलं आणि त्याने गुण वाढत नसेल, तर तो नवा शोध धरायचा नाही. आपल्या भाषेत: सर्व्हिस पॅकला नवीन व्हर्जन म्हणून विकायचं नाही.

आता तात्यांच्या गोळीकडे या. इमॅटिनिबचं मूळ पेटंट १९९३ चं. तेव्हा भारतात औषधाला उत्पादन पेटंटच नव्हतं, त्यामुळे ते इथे लागू नाही. स्वित्झर्लंडच्या नोव्हार्टिसने १९९८ मध्ये त्याच्या मेसिलेट क्षाराच्या 'बीटा' स्फटिकासाठी चेन्नईला अर्ज टाकला. तो मेलबॉक्समध्ये. मेलबॉक्सवाल्यांना तोवर विक्रीचा एकाधिकार द्यायची सोय होती, तो नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांना मिळाला. न्यायालयाच्या मनाईमुळे काही भारतीय कंपन्यांना उत्पादन थांबवावं लागलं. आठ-दहा हजारांत मिळणारी गोळी जाऊन फक्त सव्वा लाखवाली उरते की काय, असे ते दिवस. अर्जाला विरोध करणाऱ्यांत भारतीय कंपन्यांबरोबर एक मुंबईची संस्थाही होती: कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन. रुग्णांना मदत करणारी, १९६९ पासूनची. पेटंटच्या कायद्यात 'कोणीही' हरकत घेऊ शकतो ही तरतूद आहे, तिचा वापर त्यांनी केला.

जानेवारी २००६ मध्ये चेन्नईत अर्ज नाकारला गेला. नोव्हार्टिसने कलमालाच मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिलं, हरली. अपील मंडळापुढे गेली, हरली. सर्वोच्च न्यायालय. १ एप्रिल २०१३ ला न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना प्रकाश देसाई यांनी निकाल दिला. नोव्हार्टिसचं म्हणणं होतं की नवं रूप शरीरात ३० टक्के जास्त शोषलं जातं. न्यायालय म्हणालं, औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोग बरा करण्याचा गुण, आणि तो वाढल्याचं तुम्ही दाखवलेलं नाही. निकालात कलम ३ चा इतिहास सांगताना न्यायमूर्ती थेट अय्यंगारांच्या अहवालापर्यंत मागे जातात. १९५९ चा कागद २०१३ ला कामाला आला.

आणि २०१६ ला पिंपळीत कालव्याखालचे दोन एकर वाचले.

नोव्हार्टिसची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती, हेही सांगायला हवं. ही गोळी खरोखर क्रांतिकारक आहे. जो आजार चार-पाच वर्षांत माणूस नेत असे, तो तिने रक्तदाबासारखा सांभाळण्याजोगा केला. असं संशोधन फुकट होत नाही. कुणीतरी पैसे घालायलाच हवेत, आणि सगळ्यांनीच नकला केल्या तर नकला कशाच्या करणार? हा प्रश्न मला छळतो, कारण मी स्वतः लायसन्सच्या पैशांवर पगार घेणारा माणूस आहे. पायरेटेड सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला मी नावं ठेवतो. मग तात्यांच्या गोळीच्या वेळी माझं तत्त्व कुठे जातं? मला सापडलेलं उत्तर अर्धंमुर्धं आहे: मूळ शोधाला मुदतीचं पेटंट मिळावं, पण तोच शोध कपडे बदलून पुन्हा पुन्हा रांगेत उभा राहू नये.

बरं, आपल्या बाजूचेही सगळे धुतल्या तांदळासारखे नव्हेत. औषधाचं पेटंट फक्त नव्या रासायनिक पदार्थापुरतं ठेवणं कराराच्या चौकटीत बसतं का हे बघायला सरकारने एक समिती नेमली होती, अध्यक्ष तेच हळदवाले माशेलकर. डिसेंबर २००६ चा तो अहवाल दोन-तीन महिन्यांत मागे घ्यावा लागला, कारण काही मजकूर परदेशातल्या एका अभ्यासातून जसाच्या तसा आलेला निघाला. बौद्धिक संपदेच्या अहवालात कॉपी-पेस्ट! नंतर २००९ मध्ये सुधारून दिला म्हणा. हळदीच्या लढाईसाठी मी त्यांना मानतो, म्हणून हे वाचून वाईट वाटलं.

मुंबईच्या अँटॉप हिलवर पेटंट कचेरी आहे. मार्च २०१२ मध्ये तिथून पी. एच. कुरियन यांनी भारतातला पहिला सक्तीचा परवाना दिला. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरचं बायरचं नेक्साव्हार, महिन्याला २,८०,४२८ रुपये. हैदराबादच्या नॅटकोने ८,८०० रुपयांत देतो म्हटलं. बायरला रॉयल्टी ठरवून दिली आणि परवाना मिळाला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो कायम केला. त्याच कचेरीने मार्च २०२३ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनचा बेडाक्विलिन या क्षयाच्या औषधाच्या क्षाररूपाचा अर्ज फेटाळला. हरकत घेणाऱ्या दोघी क्षयातून उठलेल्या मुली: दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले आणि मुंबईची नंदिता व्यंकटेशन. जुन्या इंजेक्शनांनी दोघींचंही ऐकणं गेलं होतं. अर्ज मंजूर झाला असता तर २०२३ ला संपणारा एकाधिकार २०२७ पर्यंत चालला असता. २०२४ च्या नियमांनी अशा हरकतीला फी लावली आणि आधी ती ऐकण्यालायक आहे का हे तपासण्याची पायरी घातली. ज्या दारातून नंदिता आत गेली, त्या दाराला आता उंबरठा घातलाय. मला हे पटलेलं नाही.

कलम ५ मध्ये औषधाबरोबर अन्न होतं हे विसरलात का? मी विसरलो होतो. गेल्या महिन्यात गावी गेलो तर आईच्या बचत गटाच्या बायका काळ्या मसाल्याच्या पाकिटाचं लेबल घेऊन माझी वाट बघत बसलेल्या. "तू कंप्युटरचा ना, एवढं बसवून दे." चौदा आकडी एफएसएसएआय नंबर, निव्वळ वजन, घटक, तारीख, हिरवा ठिपका, पत्ता, एमआरपी. एवढ्या इंचभर जागेत एवढा मजकूर बसवताना माझे दोन तास गेले. प्रत्येक ओळीमागे एकेक कायदा आहे. मुंबई प्रांतात भेसळीचा कायदा १९२५ चा, देशाचा १९५४ चा, डबाबंद मालावर काय छापायचं याचे नियम १९७७ चे, 'सर्व करांसह' किंमत १९९० पासून, आणि जुने सगळे कायदे गुंडाळून एकच अन्नसुरक्षा कायदा २००६ चा.

लेबल म्हणजे किरकोळ गोष्ट वाटते. मुंबईत १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, कारण औषधी म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. बाटलीवरचं नाव आणि बाटलीतला माल वेगळा. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांची अशी हजेरी घेतली की आरोग्यमंत्री भाई सावंत यांना जावं लागलं. आणि २०१५ ची मॅगी तर आपल्या सगळ्यांच्या हॉस्टेलच्या आठवणीतली. शिसं हा मोठा आरोप होता, पण बंदीच्या आदेशात दुसरा मुद्दा लेबलचाच: 'नो अॅडेड एमएसजी'. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये तो आदेश रद्द केला. कंपनीला म्हणणं मांडू दिलं नाही आणि प्रयोगशाळा मान्यताप्राप्त नव्हत्या म्हणून. त्यामुळे झालं असं, की पाकिटावर काय छापणं योग्य या मूळ प्रश्नाचं उत्तर बाजूलाच राहिलं. पाकिटाच्या दर्शनी बाजूला साखर-मीठ-चरबीची सूचना असावी, याचा मसुदा सप्टेंबर २०२२ मध्ये निघाला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. अय्यंगारांच्या अहवालाची अकरा वर्षं आठवली.

रविवारी निघायच्या आधी तात्यांकडे जेवलो. हा सगळा पुराण त्यांना ऐकवला. हाफकिनचा खटला त्यांना फार आवडला. "हरले व्हय?" म्हणाले, आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग विचारलं, "त्या जज्जाचं नाव काय म्हणलास? अहवालवाल्या." मी अय्यंगार सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं.

जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून स्ट्रिप काढली. गोळी जेवणानंतरच आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यायची असते, तांब्या शेजारी भरून ठेवलेला होता. मागचं बारीक छापील वाचता येईना म्हणून माझ्या हातात दिली. "मुदत बघ रं कुठवर हाय." मी मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठं करून वाचून दाखवलं.